काळी चौदसची कवटी-उसळ

बटाट्याची कवटी करायची तर बटाटा लहान हवा, लिंबापेक्षा जरासा मोठा, आणि उकडताना थोडा कच्चट ठेवलेला. कुकरची एकच शिट्टी, लगेच गॅस बंद, वाफ गेली की थेट गार पाण्यात. दुसऱ्या शिट्टीची वाट बघितली तर डोळ्याची खोबण कोरताना अख्खं डोकं हातात फुटतं. खोबणी सरबताच्या जाड स्ट्रॉने करायच्या. स्ट्रॉ टेकवायची, अर्धा वळसा द्यायचा, उचलायची. आतला बटाटा स्ट्रॉबरोबर निघून येतो. नाकाला सुरीच्या टोकाने उलटा त्रिकोण, दातांना टूथपिकने उभ्या रेघा. अशा पंधरा-सोळा कवट्या सेवउसळीच्या लालभडक तरीत सोडल्या, की तरी खोबणींत भरते आणि वरून शेव पडेपर्यंत त्या आपल्याकडे बघत राहतात.

बडोद्यात सेवउसळ कुणाला शिकवावी लागत नाही. पांढरे वाटाणे, झणझणीत तरी, मूठभर शेव, कांदा, पाव. आमच्या मुलांना ती एरवीही आवडते, म्हणूनच तिच्यात कवट्या घातल्या. हे मी फार विचार करून ठरवलेलं आहे. हॅलोविनच्या भुताच्या जेवणात रूप बदलायचं, नाव बदलायचं, चव अजिबात नाही. डोळे मिटून घास घेतला तर तो रोजच्या घरचाच लागला पाहिजे. नाहीतर मुलं फोटो काढतात आणि उपाशी झोपतात.

पहिल्या वर्षी, २०२२च्या ३१ ऑक्टोबरला, हे मला माहीत नव्हतं. मुलगी तेव्हा आठ वर्षांची, शाळेतल्या मैत्रिणीकडून हॅलोविन ऐकून आलेली. मी ऑनलाइन प्लास्टिकची कोळिष्टकं मागवली, घरातले सगळे दिवे घालवले, मोबाइलवर कोल्हेकुई लावली आणि नूडल्समध्ये काळा रंग घातला. मुलगी खूश झाली. धाकटा चार वर्षांचा होता, तो स्वयंपाकघराच्या दारातून आत आलाच नाही. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याला उचललं, आतल्या खोलीत दिवा लावून मांडीवर बसवलं आणि दहीभात भरवला. त्या रात्री तो तीनदा उठला. इतक्या हौसेने केलेल्या जेवणाला माझं एक पोर घाबरलं आणि जेवलं नाही, हे मला फार लागलं.

पुढच्या वर्षी मी त्याला दुपारपासून ओट्याजवळ स्टुलावर बसवलं आणि त्याच्या हातात स्ट्रॉ दिली. पहिले चार बटाटे फुटले, पाचवा जमला. मग त्याने प्रत्येक कवटीला नाव ठेवलं आणि जेवताना कुणाला कोणती वाढायची हे त्यानेच ठरवलं. दिवे सगळे घालवायचे नाहीत, हेही तेव्हापासून. पानाजवळ दोन-दोन पणत्या पुरतात. खालून उजेड आला की बाबांचा चेहरासुद्धा वेगळाच दिसतो, आणि मुलांना हवी असते तेवढी भीती तेवढ्यात येते.

भुतं कुठली घ्यायची, यावरही माझं मत पक्कं आहे. आपली घ्यावी. मुलांना झॉम्बी आणि ड्रॅक्युला तोंडपाठ होते, मुंजा कोण ते माहीत नव्हतं. आईंचं माहेर कोकणातलं. त्यांनी एका संध्याकाळी पिंपळावरचा मुंजा सांगितला, उलट्या पावलांची हडळ सांगितली, रात्रभर एकाच शेताभोवती फिरवणारा चकवा सांगितला, पाण्यात ओढणारा गिऱ्हा सांगितला. भोपळ्यात बसून वाघाच्या तावडीतून निसटणारी म्हातारी तर मुलांना ठाऊकच होती, पण आईंनी सांगितली तेव्हा तिचा भोपळा प्रत्येक वळणावर थांबायचा. आता आमच्या पानातली नावं तिथूनच येतात.

गिऱ्ह्याचं पाणी म्हणजे गोकर्णाचं सरबत. आमच्या कंपाउंडच्या जाळीवर निळी गोकर्ण आहे. आठ-दहा फुलं हिरवे देठ काढून पेलाभर गरम पाण्यात टाकली की पाच मिनिटांत गर्द निळं पाणी उतरतं. साखर घालून गार करायचं, पेल्यांत ओतायचं आणि लिंबाची फोड मुलांच्या हातात द्यायची. थेंब पडला की निळ्याचं जांभळं होतं, अजून पिळलं की गुलाबीकडे जातं. फुलातला रंगच तसा आहे, आंबट लागलं की बदलणारा. हे बघायला आमचे साठी उलटलेले शेजारीसुद्धा येऊन बसतात.

खमणाची गोष्ट याच्याही वरची. इथे ज्या बाईच्या खमणावर लाल ठिपके उठतात तिचा हात बिघडला असं समजतात, कारण सोडा नीट मिसळला नाही की तो हळदीला लागतो आणि हळद तांबडी होते. हळदीपासून कुंकू करतात ते याच गुणावर. मी ते ठिपके मुद्दाम काढते. वाफवलेलं खमण ताटात उलटं केलं की दोन चमचे पाण्यात चिमूट सोडा विरघळवायचा, ब्रश बुडवायचा आणि लांबून झटकायचा. पिवळ्याधमक खमणावर डोळ्यांदेखत रक्ताचे शिंतोडे पडतात. सोडा चिमटीपेक्षा जास्त नको, साबणासारखी चव येते. आणि वरच्या फोडणीच्या पाण्यात लिंबू घालू नका, डाग पुन्हा पिवळे होतात. मुलीने एकदा हे लिंबू मुद्दाम पिळून ‘खून पुसला’ होता. तेव्हापासून लिंबाची एक फोड तिच्यासाठी बाजूला असते.

बाजारचा खाण्याचा रंग मी त्या पहिल्या वर्षानंतर आणलेला नाही. लाल हवा तर बीट आहे. फक्त ते फार वेळ शिजवलं की विटकरी पडतं, म्हणून किसून शेवटी घालायचं आणि चार थेंब लिंबू.

पट्टीवाला मुडदा खांडवीचा. खांडवी म्हणजे तुमची सुरळीची वडी. वाटीभर बेसनाला तीन वाट्या ताक, हळद न घालता, गुठळी होऊ न देता शिजवायचं आणि ताटाच्या पाठीवर पातळ पसरायचं. गार झालं की बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून बटाटा-पनीरच्या लांबट गोळ्याभोवती वेड्यावाकड्या गुंडाळायच्या. वर थोडी फट ठेवायची आणि तिथे मोहरीचे दोन दाणे.

भोपळा मात्र आणावाच लागतो आणि तो अख्खा मिळणं कठीण, कारण भाजीवाले फाकी करून विकतात. खंडेराव मार्केटमध्ये मी अख्खा मागितला तेव्हा भाजीवाल्या बेनने विचारलं, “आखुं कोळुं? घेर जमणवार छे?” म्हणजे अख्खा भोपळा? घरी जेवणावळ आहे का? फोटोतला अमेरिकन भोपळा उभट आणि आत पोकळ असतो. आपला बसका आणि गच्च भरलेला. कोरायला चमचा पुरत नाही, मनगट लागतं. पहिला घाव पुरुषाने घालायचा हा आईंचा नियम, त्यामुळे सुरी आधी नवऱ्याच्या हातात जाते, मग आमच्या. आतला गर किसून गुळात शिजवायचा आणि कणीक घालून घारगे तळायचे. डोळे-तोंड कोरलेला भोपळा आणि त्याच्याच पोटातले घारगे शेजारी शेजारी ठेवले की मुलांना गुन्ह्याचा पुरावा सापडल्यासारखं वाटतं.

मुलीने शाळेसाठी वाचून काढलं होतं की आयर्लंडमध्ये आधी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत आणि तिथले लोक अमेरिकेत गेले तेव्हा त्यांना भोपळा सापडला. हॅलोविन ही १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ, आणि त्याच्याही आधी केल्ट लोक त्याच सुमाराला साउइन पाळत. सुगी संपायची, थंडी सुरू व्हायची आणि मेलेले लोक घराकडे फिरकतात असं मानत. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे त्यांचीही चौदसच की.”

हे त्यांच्या डोक्यात राहिलं असावं. २०२४ला ३१ ऑक्टोबरच्या पहाटे नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान आलं आणि त्याच संध्याकाळी बडोद्यात बऱ्याच घरी लक्ष्मीपूजन होतं. मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. आईंनीच निकाल दिला. “लक्ष्मीच्या दिवशी घरात कवट्या नकोत. आदल्या रात्री करा. ती रात्र त्यांचीच आहे.”

आदली रात्र म्हणजे काळी चौदस. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगते, त्या रात्री गुजरातेत ककळाट काढतात. घरातली भांडणं, कटकट, रडारड बाहेर घालवायची म्हणून उडदाचे वडे तळून चार रस्त्यावर, म्हणजे चौकात, ठेवायचे, भोवती पाण्याचं वर्तुळ काढायचं आणि मागे न बघता घरी यायचं. पन्नास वर्षं बडोद्यात राहून आई हे कोकणातल्या कुठल्याही रिवाजाइतकंच मनापासून करतात. तेव्हापासून आमचं हॅलोविन ३१ तारखेला नसतं, काळी चौदसला असतं. २०२५च्या दिवाळीत ते १९ ऑक्टोबरला आलं. एका शेगडीवर आईंचे वडे, दुसरीवर माझी तरी, आणि मध्ये स्टुलावर धाकटा, आता सात वर्षांचा, स्ट्रॉ घेऊन.

जेवणं झाल्यावर आम्ही सगळे खाली उतरलो. वड्यांची पत्रावळ आईंच्या हातात, तांब्या मुलीकडे. धाकट्याने मूठ बंद ठेवली होती. चार रस्त्यावर आधीच तीन-चार घरांचे वडे ठेवलेले होते. आईंनी आपले ठेवले, मुलीने पाण्याचं वर्तुळ काढलं, आणि ते पुरं व्हायच्या आत त्याने मूठ उघडून एक कवटी वड्यांशेजारी ठेवली. माझ्याशी शाळेच्या डब्यावरून झालेल्या भांडणाची ती, असं त्याने आजीला हळूच सांगितलं. आईंनी ती नीट सरळ करून ठेवली, तोंड रस्त्याकडे करून.

परत येताना मागे कुत्र्यांची झटापट ऐकू आली. त्याने माझा हात घट्ट धरला, पण वळला नाही. जिन्याशी आल्यावर म्हणाला, पुढच्या वर्षी हडळीचे केस करू या. आईंनी तिथेच सांगून टाकलं, तांदळाची उकड गोकर्णाच्या पाण्यात काढू आणि शेवया पाडू, साचा माळ्यावर आहे.