स्टिरिओ बदलायला आलेली व्हॅन

स्टिरिओच्या कामाला आलेली एक कॅम्पर व्हॅन मी स्टिरिओ छान वाजायला लागल्यावरही अडवून धरली. कारण होतं तिच्या जमिनीतलं मुठीएवढं भोक. गाडी गेली, हिशेब मिटला, पण ते भोक डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

कॅम्पर व्हॅनमध्ये दोन बॅटऱ्या असतात हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. पुढची इंजिनाची, सेल्फ मारण्यापुरती. मागची घरातली, दिवे, पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप यांच्यासाठी. स्टिरिओचा डेक असतो डॅशबोर्डात, म्हणजे पुढच्या बॅटरीच्या मुलखात, आणि गाणी ऐकायची असतात गाडी उभी करून, मागे निवांत बसून. या वाहनातल्या स्टिरिओच्या बहुतेक कटकटी इथूनच सुरू होतात.

मालक आणि त्यांच्या पत्नी दोघंही आले होते. सोबत खोकी: नवा अँप्लिफायर, नवे स्पीकर, भलामोठा वूफर. तक्रार एकच, आवाजात दम नाही. बाकीच्या गोष्टी त्यांनी बोलता बोलता सांगितल्या. इंजिन चालू असलं की स्पीकरमधून कुईं असा आवाज येतो, ॲक्सिलरेटर दाबला की तो चढतो. ठेका जोरात पडला की डेकचा स्क्रीन लुकलुकतो. आणि गाडी तीन दिवस उभी राहिली की सेल्फ लागत नाही. कुईंसाठी कुणीतरी त्यांना फिल्टर विकला होता, सेल्फसाठी दुसऱ्या कुणीतरी नवी बॅटरी. मीटर कुणी लावला नव्हता. आमच्या धंद्याचं हे दुखणं जुनं आहे. वस्तू विकली की पैसे लगेच मिळतात, शोधायला घालवलेल्या वेळाचे मागितले तर गिऱ्हाईक तोंडाकडे बघत राहतं.

पॅनेल काढलं आणि आधीच्या फिटरचं काम बघून मी खरंच खूश झालो. वायरी नळीत घातलेल्या, ठरावीक अंतरावर टाय, पत्र्यातून जाताना प्रत्येक ठिकाणी ग्रोमेट, म्हणजे वायर कापू नये म्हणून भोकात बसवायचं रबरी कडं. असा हात फार कमी लोकांना असतो. मग मीटर लावला.

डेकच्या मागच्या कपलरमध्ये पिवळी वायर कायम चालू, लाल चावीवर, काळी अर्थ, म्हणजे मायनसकडे परतीची. इथे लाल आणि पिवळी एकत्र बांधली होती, चावी न फिरवता गाणी लागावीत म्हणून. अशाने अँड्रॉइड डेकला झोप म्हणून मिळत नाही. स्क्रीन काळा दिसतो, आत सगळं जागं. क्लॅम्प मीटरवर 0.9 ॲम्पियर. दिवसाला 21.6 ॲम्पियर-तास झाले, तीन दिवसांत पासष्टच्या आसपास. इंजिनाची बॅटरी कितीही नवी घाला, ती बसणारच.

कुईंचं मूळ अर्थिंगमध्ये होतं. अँप्लिफायरला प्लस मागच्या बॅटरीचा दिला होता आणि अर्थ सीटच्या बोल्टला, रंगावरच. गाणं मोठ्याने लावून मी अँप्लिफायरच्या अर्थच्या टोकापासून मागच्या बॅटरीच्या मायनसपर्यंत व्होल्टेज मोजलं, 1.1 व्होल्ट आलं. चांगल्या अर्थिंगला तिथे 0.1 च्या आत यायला हवं. सरळ वाट अडलेली असली की परतीचा करंट दुसरी वाट धरतो. इथे तो डेककडून अँप्लिफायरला गाणं नेणाऱ्या आरसीए केबलच्या जाळीतून डेकमध्ये आणि तिथून डेकच्या बारीक काळ्या वायरने बॉडीत जात होता. स्क्रीन लुकलुकायचा तो यानेच, आणि याच वाटेने अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची, कुरकुर गाण्यात शिरायची. काही दिवसांत डेकच्या सर्किटवरची ती तांब्याची बारीक पट्टी जळालीच असती. फिल्टर लावून हे कसं जाणार?

अँप्लिफायरची पॉवर केबल हातात घेतली तर वजनच लागेना. सोलून नखाने खरवडली, आत पांढरी. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. वरचं रबर जाड, म्हणून केबल जाड दिसते. शुद्ध तांब्याच्या तुलनेत हिचा रोध दीडपटीहून जास्त, आणि कंप सोसणाऱ्या वाहनात लगखाली, म्हणजे टोकाच्या धातूच्या कड्यात, ती हळूहळू ढिली होते. अशी केबल जाड केबल म्हणून खपवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. फ्यूज होता, पण अँप्लिफायरपाशी. फ्यूज वायरीसाठी असतो, तो बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. मधली सगळी केबल उघड्यावर होती, कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली असती तर थेट आग.

सगळं नव्याने ओढलं. मागच्या बॅटरीच्या मायनसवर एक बसबार, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी, तिथून बॉडीला जाड पट्टा, रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर. डेक आणि अँप्लिफायर दोघांचा अर्थ त्याच बसबारवर. डेकची पिवळी मागच्या बॅटरीवर नेली, 6 चौरस मिलिमीटर तांबं. डेकला एवढं कशाला, असं विचारणारे भेटतात. बॅटरीपासून डॅशबोर्ड 6 मीटर, जाऊन येऊन 12. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत 10 ॲम्पियरला 1.4 व्होल्ट वाटेतच जातात, सहाच्या वायरीत 0.35. लाल वायरीला पलंगाजवळ वेगळा स्विच. तो बंद केला की डेक खरोखर झोपतो. जोड सगळे क्रिंप करून, म्हणजे हत्याराने घट्ट दाबून, वर तापवल्यावर आवळणारी हीट श्रिंकची नळी. चिमटीने दाबायचे ते निळे जोड मी चालत्या वाहनात लावत नाही.

दमाचा प्रश्न राहिला होता. स्पीकरच्या वायरीला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला, डावा कोन बाहेर आला, उजवा आत गेला. उजव्याच्या वायरी उलट्या. एक हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय, म्हणजे खालचे सूर एकमेकांत जिरतात. आयुष्यभर अँप्लिफायर वाढवत बसलं तरी तो दम येत नाही. वायरी सरळ केल्या, दरवाजाच्या पत्र्याला आतून थरथर मारणाऱ्या ब्यूटाइल रबराचे तुकडे चिकटवले, नवे स्पीकर बसवले. जुन्याच अँप्लिफायरवर असा आवाज आला की वहिनी पायरीवर उभ्या होत्या त्या तिथेच बसून ऐकत राहिल्या. नवा अँप्लिफायर परत करा, असं मी साहेबांना सांगितलं. ते जरा नाराज झाले. खोकं उघडायची हौस मला कळते, पण उभ्या गाडीत मागची बॅटरी पुरवायची असते.

मग राहिला वूफर. जुन्या वूफरची पेटी ओट्याखाली होती आणि नव्याला तेवढी एकच जागा होती. जुनी पेटी उचलली आणि खाली पांढऱ्या सिलिकॉनचं गोल कडं दिसलं. आत पत्र्याची चकती, बोट फिरवलं तर कुठे खाच नाही इतकं सफाईदार. चाकूने काढली. खाली जाळी, जाळीखाली रस्ता.

ते भोक गाडी बनवणाऱ्याने मुद्दाम ठेवलेलं असतं. ओट्यावरची शेगडी एलपीजीवर चालते. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्यूटेन दुप्पट. गळती झाली की गॅस वर जात नाही, जमिनीवर पसरतो आणि या भोकातून बाहेर पडतो. हवेत तो दोन टक्क्यांच्या आसपास झाला की पेट घ्यायला एक ठिणगी पुरते, आणि त्याच ओट्याखाली पंपाचा रिले, म्हणजे चालू-बंद होताना ठिणगी पाडू शकणारा स्विच, होता.

साहेब म्हणाले, ‘मीच सांगितलं होतं त्या फिटरला बंद करायला. धूळ यायची हो फार. गॅसला वास असतो, कळेल की लगेच.’

मी म्हटलं, ‘जागे असाल तर कळेल.’

‘इतकी वर्षं काही झालं नाही.’

यावर काय बोलावं? मी सांगितलं की वूफर तिथे बसणार नाही, आणि भोक उघडं केल्याशिवाय गाडी माझ्या दारातून हलणार नाही. ते चिडले. स्टिरिओवाल्याने स्टिरिओचं बघावं, असंही बोलले. वहिनींनी मात्र एकच विचारलं, आम्ही झोपतो ती जागा भोकापेक्षा खाली आहे की वर? मग त्यांनीच निर्णय घेतला. भोक मोकळं केलं, कीटक येऊ नयेत म्हणून जुन्याच मापाची धातूची जाळी बसवली, आणि जमिनीलगत गॅसचा अलार्म लावला, वेगळा फ्यूज देऊन. वूफर खोक्यातच परत गेला. निघताना साहेब गाडीत बसता बसता म्हणाले, कच्च्या रस्त्यावर फडकं कोंबू, मुक्कामाला काढू. वहिनी बाजूलाच होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. फडकं काढायचं कुणाच्या लक्षात राहील?

पण मला जास्त खटकतो तो आधीचा फिटर. कामचुकार माणूस असता तर त्याचं सिलिकॉन चार महिन्यांत आपोआप सुटलं असतं. हा नीटनेटका आहे. ज्याने ग्रोमेट एकही चुकवला नाही त्याने ते भोक धुळीची वाट म्हणून बघितलं, कारण ते कशासाठी आहे हे त्याला कधी कुणी सांगितलंच नाही. स्टिरिओ शिकवताना गॅस कोण शिकवतो? मलाही गॅसचं काम करणाऱ्या एका मित्रामुळे माहीत. असा माणूस एक पद्धत बसली की प्रत्येक गाडीत तीच वापरतो. त्याचा नंबर मागितला, साहेबांनी दिला नाही, भांडण नको म्हणाले. मग मी एका कागदावर ओट्याखालच्या भोकाचं चित्र काढलं, शेजारी कारण लिहिलं आणि कागद वहिनींकडे दिला, त्याला पोचवा म्हणून. त्यांनी तो पर्समध्ये ठेवला. पोचला की नाही, कळलेलं नाही.