दोन दशांश मिलिमीटरचा वाद

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींचा कारखाना असलेले एक गृहस्थ माझे जुने ग्राहक आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी कार्बनची माउंटन बाइक स्वतः जुळवायचे मनावर घेतले आणि सुटे भाग येतील तसे जमवून एका सकाळी सगळी खोकी माझ्या सायकलच्या दुकानात आणून ठेवली. सल्ला विचारायला माणूस येतो तेव्हा खरेदी झालेली असते, हे आमच्या धंद्यातले ठरलेले दुखणे आहे. फ्रेम वजन पाहून घेतली जाते, बाकीचे भाग सवलत पाहून घेतले जातात, आणि ते एकमेकांत बसतात की नाही हे मात्र मिस्त्रीने पाहायचे असते.

माझे वडील हे दुकान चालवत होते तेव्हा हा प्रश्न उद्भवत नसे. गिरणीत किंवा मागावर जाणाऱ्या माणसाची काळी सायकल कोणत्याही कंपनीची असो, तिचे छर्रे, कप आणि कॉटर पिन एकाच डब्यातून निघत. आज मागच्या चाकाच्या हबची, म्हणजे मधल्या तुंब्याची, रुंदी 142 मिलिमीटर असू शकते किंवा 148, पुढच्या हबची 100 किंवा 110, आणि हे आकडे जुळले तरी मागच्या 12 मिलिमीटर जाडीच्या ॲक्सलचे आटे 1.0, 1.5 किंवा 1.75 मिलिमीटर यांपैकी कोणत्याही अंतराचे असतात. साहेबांनी फ्रेमसोबत आलेला ॲक्सल बाजूला ठेवून हलका म्हणून दुसरा घेतला होता. जाडी तीच, लांबी जवळपास तीच, पण आटे वेगळे. तसाच पिळला असता तर फ्रेमच्या टोकाला बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याचे आटे गेले असते. चाके ओळखीच्या एका स्वाराकडून घेतलेली होती आणि त्यांच्या फ्रीहबवर, म्हणजे मागच्या हबच्या गिअर बसवायच्या भागावर, शिमानो डिओरेची बारा गिअरची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) चढत नव्हती, कारण तिच्यातली दहा दात्यांची सर्वांत लहान चकती जुन्या पद्धतीच्या फ्रीहबवर बसूच शकत नाही. तिला मायक्रोस्प्लाइन नावाच्या खाचांचा फ्रीहब लागतो. सुदैवाने त्या हबचा फ्रीहब बदलता येत होता.

फ्रेम चीनमधून थेट मागवलेली होती. बिननावाची, 29 इंची चाकांची, मागे सस्पेन्शन नसलेली. माझ्या काट्यावर ती अकराशे ग्रॅमच्या आसपास भरली आणि साहेबांचा चेहरा फुलला. या वजनाच्या वेडाबद्दल मला बोलल्यावाचून राहवत नाही. सोलापूरच्या चारी बाजूंना बाभळीचे काटे आहेत, त्यामुळे ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारे द्रव, सढळ हाताने ओतावे लागते आणि टायरही जाड कडांचा घ्यावा लागतो. मे महिन्यात ते सीलंट इतके लवकर सुकते की पुन्हा ओतावे लागते. फ्रेममध्ये वाचवलेले दीडशे ग्रॅम तिथेच परत येतात. हलक्या फ्रेमपेक्षा मागच्या दांड्यांमध्ये टायरला जागा किती आहे हे इथल्या माणसाने आधी पाहावे. पावसाळ्यात काळी माती टायरला चिकटते, तिच्यात मुरमाचे खडे अडकतात, आणि जागा कमी असेल तर ते खडे प्रत्येक फेऱ्याला कार्बन खरवडत राहतात. इंटरनेटवर फ्रेमची समीक्षा करणाऱ्यांपैकी कोणी काळ्या रानातून सायकल हाकली असेल असे मला वाटत नाही.

आमचा वाद मात्र वेगळ्याच जागी झाला. पेडलच्या दांड्यांचा, म्हणजे क्रँकचा, आस ज्यात फिरतो त्या बीबीची (बॉटम ब्रॅकेटची) नळी या फ्रेममध्ये आट्यांची नव्हती, प्रेस फिट होती. अशा नळीत प्लास्टिकचे वेष्टन असलेले दोन कप दोन्ही बाजूंनी दाबून बसवतात. भोकाचा व्यास 41 मिलिमीटर हवा असतो. कप घट्ट बसणे सर्वस्वी त्या मापावर अवलंबून असते, कारण त्यांना धरायला दुसरे काहीच नसते. मी व्हर्निअर लावला. डावीकडे माप ठीक होते. उजवीकडे उभे माप 41.05 आले आणि आडवे 41.2. व्हर्निअर पुसून, जागा बदलून, मुलाच्या हाती देऊनही तेच आले, म्हणजे भोक मोठे होते आणि शिवाय लंबगोलही होते. चेनचा सगळा ओढा उजव्या बाजूलाच असतो. तिथे कप सैल बसला की आधी करकर सुरू होते, मग बेअरिंग तिरकी चालून झिजतात आणि शेवटी कप हलून हलून भोकच मोठे करतो.

साहेबांना हे पटेना, आणि त्यामागचे कारण मला अजून विचारात पाडते. त्यांनी खिशातून धागे मोजायची छोटी घडीची भिंग काढली, जी कापडाच्या व्यवसायातली माणसे कायम जवळ बाळगतात, आणि फ्रेमवर ठेवून बीबीच्या सांध्यापासून सुरुवात केली. वरच्या थराची चौकडीची वीण तिथे तिरकी झाली होती. ते म्हणाले, “मालक, दोष असला तर इथं आहे बघा. ताणा सरकलाय. हा माल मी कारखान्यातून बाहेर जाऊ दिला नसता.” त्यांनी फ्रेम निवडलीच होती ती वीण उघडी दिसते म्हणून, कापड वाचता येते, तेव्हा फ्रेमही वाचता येईल, असा त्यांचा विश्वास होता. मला सांगावे लागले की ती वीण बहुतांशी शोभेची आहे. भार झेलणारे थर तिच्याखाली असतात आणि त्यांत वीण नसतेच. सगळे तंतू एका दिशेने, प्रत्येक थर ठरलेल्या कोनात, राळेने बांधलेला. ते थर कोणी, कसे आणि किती नीट रचले हे बाहेरून भिंग लावून दिसत नाही.

मग मी सीटखालच्या नळीतून मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा आत सोडला. बीबीच्या वरच्या बाजूला थरांना सुरकुत्या होत्या आणि साच्यात हवा भरून थर दाबण्यासाठी वापरतात त्या फुग्याचा एक तुकडा तसाच चिकटलेला होता. आतल्या सुरकुत्या दिसल्या म्हणजे फ्रेम मोडणार असे नाही. चांगल्या फ्रेममध्येही थोड्या आढळतात. माझे म्हणणे एवढेच होते की जिथे मोजता येते तिथे माप चुकलेले आहे, तर जिथे मोजता येत नाही तिथे सगळे बरोबर असेल असे मी कशाच्या आधारावर धरू? धातूची फ्रेम बहुधा आधी वाकते, तडा दाखवते. कार्बन पुष्कळदा काहीच न दाखवता तुटतो.

विक्रेत्याला फोटो पाठवले. त्याने उत्तरादाखल सायकलींच्या सुरक्षिततेच्या आयएसओ 4210 या आंतरराष्ट्रीय मानकाचे चाचणी प्रमाणपत्र पाठवले. या मानकात फ्रेमवर पेडलचा जोर एक लाख वेळा देऊन पाहतात, तेव्हा कागद खरा असता तर मीही गप्प बसलो असतो. पण त्यावरचा मॉडेल क्रमांक या फ्रेमवरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. हे दाखवल्यावर त्याने काही रक्कम परत करायची तयारी दाखवली, मात्र फ्रेम परत पाठवायची असेल तर वाहतूक खर्च साहेबांनी सोसावा असे कळवले. तो खर्च मनासारखा सोसेल असा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि हे विक्रेत्यालाही माहीत असते.

मी दोन मार्ग सुचवले. खर्च सोसून फ्रेम परत करावी. नाहीतर दोन्ही कप आतून एकमेकांत आटे धरून आवळले जातात असा बीबी मागवावा, कारण तो नळीला दोन्ही बाजूंनी चिमटून धरतो आणि भोकाच्या घट्टपणावर एकटा विसंबत नाही. त्यातही सुरकुत्यांबद्दल मी बिलावर लिहून देईन, असे सांगितले. साहेबांना तिसरा मार्ग हवा होता: साधा कप दाबा, जबाबदारी माझी. मी नाही म्हणालो. जबाबदारी शब्दाने घेता येते, पण उतारावर पुढचा माणूस पडल्यावर ती कोणाकडे येते हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ते रागावले नाहीत. खोकी गाडीत भरली आणि निघून गेले.

शहरातल्या दुसऱ्या एका दुकानात तोच कप चिकटद्रव्य लावून बसवला गेला. टॉर्क रेंच नावाची, बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळायची वस्तू तिथे भिंतीवर लटकलेली असते आणि बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळले जातात, हे मी ऐकीव सांगत नाही. त्यांनी जास्त आवळून चेपलेले कार्बनचे सीटपोस्ट माझ्याकडे येतात. ती सायकल आता हिप्परग्याच्या तलावाकडच्या मुरमाड वाटांवर आणि तुळजापूरच्या घाटात आठवड्याला फिरते. सीलंट भरायला आणि ब्रेकचे पॅड बदलायला ती माझ्याकडेच येते. दर वेळी मी चेन उतरवून क्रँक हाताने हलवून पाहतो, नाण्याने हँडलखालच्या हेडट्यूबच्या सांध्यावर टकटक करतो, आवाज कुठे बसका येतो का ऐकतो. आजवर करकर नाही, खेळ नाही, तडा नाही. साहेब हे पाहत उभे राहतात आणि मी उठलो की मंद हसतात. माझे माप चुकले नव्हते हे मला माहीत आहे. पण माझा नकार चुकला होता का, याचे उत्तर त्या सायकलकडून अजून मिळालेले नाही, आणि ते ज्या रीतीने मिळू शकते ती रीत मला नको आहे.

दरम्यान त्यांच्या मेहुण्यांनी त्याच विक्रेत्याकडे तीच फ्रेम मागवली असून ती सध्या मुंबईत सीमाशुल्काच्या कागदपत्रांत अडकली आहे. सोडवून आणली की खोके न फोडता माझ्याकडे घेऊन या, आधी मोजू, मग बाकीचे सामान घेऊ, असे मी त्यांना फोनवर सांगितले. त्यांनी विचारले, मोजायचे किती पैसे घ्याल.