फीची यादी

बुधवार, रात्री

आज थकलेल्या फीची यादी वर्गशिक्षकांच्या हातात आली. माझ्या वर्गातली दोन नावं आहेत. त्यातली एक मुलगी गेल्याच आठवड्यात परिपाठाला प्रार्थना सांगायला उभी होती, तेव्हा मागच्या रांगांमधली कुजबुजसुद्धा थांबली होती. यादी पर्समध्ये टाकली आणि शाळा सुटल्यावर दोन्ही घरी स्वतः फोन केला. वर्गात नावं वाचून दाखवायची माझी तयारी नाही, कधीच नव्हती.

अनुदान नाही, म्हणून शाळा फीवर चालते. माझा पगारही त्यातूनच होतो, हे मला पुरतं कळतं. पण ही जेझुईटांची, म्हणजे एका कॅथलिक ख्रिस्ती धर्मसंघाची शाळा आहे. १५४८ मध्ये सिसिलीतल्या मेसिना शहरात त्यांनी संघाबाहेरच्या मुलांसाठी विद्यालय उघडलं, तेव्हा शिकवणं मोफत होतं आणि खर्चाचा भार शहरानं उचलला होता. फी न घेण्याचा नियम इतका पक्का होता, की पुढे अमेरिकेतल्या शाळांसाठी त्यातून सूट मागावी लागली. म्हणजे आज जी गोष्ट आम्ही गृहीत धरतो, तिच्यासाठी एकेकाळी परवानगी लागायची.

संध्याकाळभर पेद्रो अरुपे डोक्यात आहेत. ते जेझुईटांचे प्रमुख असताना, १९७३ मध्ये, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला माजी विद्यार्थ्यांसमोर बोलले. समोर त्यांच्याच शाळांतून शिकून मोठी झालेली, वजनदार माणसं. आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का, असा प्रश्न त्यांनी तिथे स्वतःच विचारला आणि नाही, असं उत्तरही स्वतःच दिलं. अख्ख्या जगभर पसरलेल्या शाळांच्या प्रमुखानं आपल्याच लोकांसमोर हे म्हणायचं! इतरांसाठी जगणारी माणसं घडवायची, हे त्यांचं म्हणणं तेव्हापासून या शाळांच्या भिंतींवर लागलं. आमच्याही जिन्यात आहे. मला तो फलक आवडतो, मनापासून आवडतो. म्हणूनच त्याच जिन्यातून ती यादी घेऊन वर जाताना पाय जड झाले.

मार्ग निघत नाही असंही नाही. १९९६ मध्ये शिकागोत क्रिस्टो रे नावाची जेझुईट शाळा निघाली. तिथली मुलं महिन्यातले काही दिवस कंपन्यांच्या कार्यालयांत काम करतात आणि त्या कामाचे पैसे त्यांच्या शिक्षणाच्या खर्चात वळते होतात. आता त्या पद्धतीच्या कितीतरी शाळा आहेत. कोवळ्या वयात कामाला लावणं मला पूर्णपणे पटत नाही, पण गरिबाच्या मुलाला दारातून परत पाठवायचं नाही या हट्टातून ते निघालंय, आणि तो हट्ट मला हवाय.

आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीनंतर काही मिनिटं शांत बसायचं असतं. सकाळपासून काय घडलं ते आठवायचं, कशाबद्दल कृतज्ञ वाटतं, कुठे चुकलं, उरलेला दिवस कसा घालवायचा. जेझुईटांचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी घालून दिलेली ही आत्मपरीक्षणाची रीत. माझा धर्म वेगळा, वर्गातल्या बऱ्याच मुलांचाही वेगळा. तरी डोळे मिटून बसायला कुणालाच अडचण वाटत नाही. मी इथे टिकले त्यात या मिनिटांचा वाटा मोठा आहे. आज मात्र त्या शांततेत मला ती दोन नावंच दिसत होती.

फोनवर एका घरी वडिलांचं काम सुटल्याचं कळलं. दुसऱ्या घरची आई फार वेळ बोललीच नाही, फक्त मुलीला यातलं काही सांगू नका म्हणाली.

उद्या पहिल्या तासाआधी प्राचार्य फादरांना भेटायचंय. यादी वर्गशिक्षकांकडे न येता कार्यालयातून थेट पालकांशी बोलणं व्हावं आणि फी बाकी आहे म्हणून कुणाचं परीक्षेचं प्रवेशपत्र अडू नये, एवढं मागणार आहे. दोन सहकारी सोबत येतो म्हणालेत. मदतनिधीतून काय करता येईल तेही तिथेच विचारेन.