कार्ड शोधणारे 'कार्ड' लिहीत नाहीत: कीवर्डच्या वहीतली ताजी नोंद

गेल्या नोंदीत लिहिलं होतं की 'हँडमेड ग्रीटिंग कार्ड' या कीवर्डचा, म्हणजे लोक गूगलवर टाइप करतात त्या शोधशब्दांचा, नाद सोडतेय. सोडला. त्यानंतर माझ्या साइटवरच्या लेखांचं आणि मी करून विकते त्या कार्डांचं काय झालं ते आज लिहिते, सांगण्यासारखं बरंच साचलंय.

नाद सोडायचं कारण साधं. त्या कीवर्डवर पहिलं पान मोठ्या विक्री-साइट्सनी आणि पिंटरेस्टने आधीच अडवलेलं असतं. पण खरी अडचण वेगळीच आहे. हे शब्द टाइप करणाऱ्याला नेमकं काय हवंय, ते कळतच नाही. विकत घ्यायचंय, स्वतः करायचंय, की नुसती चित्रं बघायचीत? तिघांसाठी मिळून एक लेख लिहायला गेलं की तो कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही.

म्हणून वहीत तीन रकाने पाडले: घेणारे, करणारे आणि अडलेले. पहिले दोन तुम्हाला ओळखीचे आहेतच. मला कामाला लावलं ते तिसऱ्या रकान्याने. ही मंडळी शोधताना 'कार्ड' हा शब्द बहुतेकदा लिहीतच नाहीत. 'साहेबांच्या निवृत्तीला काय लिहावं', 'वाढदिवस विसरलो, उशिरा शुभेच्छा कशा द्यायच्या', 'मैत्रिणीचे वडील गेले, दोन ओळी' असे त्यांचे शोध असतात. प्रसंग, नातं आणि अडचण एकत्र आली की कीवर्ड लांबतो, शोधणारे कमी होतात, पण जो येतो तो पेन उघडून बसलेला असतो.

हे शब्द मिळवायला महागडं काही लागत नाही. गूगलच्या चौकटीत अर्धं वाक्य लिहून थांबायचं आणि खाली काय सुचवलं जातंय ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. पानाच्या तळाशी असलेले संबंधित शोधही बघायचे. कीवर्ड प्लॅनर, म्हणजे कोणता शब्द किती शोधला जातो ते सांगणारं गूगलचं साधन, मुळात जाहिरातदारांसाठी आहे, त्यामुळे तो अशा लांब वाक्यांवर पुष्कळदा काहीच आकडा दाखवत नाही. पण तेवढ्यावरून मी ती वाक्यं खोडत नाही. खरं तर सगळ्यात चांगले कीवर्ड मला ग्राहकांच्या मेसेजमध्येच सापडतात. 'आत लिहायला जागा आहे ना?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल, तर लेखाचं उपशीर्षक तिथेच तयार मिळालं.

आता एका लेखाबद्दल नीट सांगते, कारण या खेपेची खरी प्रगती तिथेच आहे. निवृत्तीच्या कार्डात काय लिहावं, यावरचा लेख. टाकल्यावर काही आठवडे शांतता होती. मग सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट कोणत्या शोधांवर दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) त्या एका पानाचे शोध उघडून बसले. आधी इम्प्रेशन्सचा, म्हणजे पान शोधात किती वेळा दिसलं त्याचा, रकाना बघायचा, क्लिकचा नंतर. इम्प्रेशन्स भरपूर आणि क्लिक जवळजवळ नाहीत, असे शोध म्हणजे 'तुमचा लेख दिसतोय, पण उत्तर त्यात नाही' असं वाचक सांगत असतात. (सरासरी स्थान खूप खाली असेल, तर मात्र तो नियम लावू नका. तिथवर कुणी स्क्रोलच करत नाही.) माझ्या यादीत 'फारशी ओळख नसलेल्या सहकाऱ्याला निवृत्तीचा संदेश' अशा अर्थाचे शोध निरनिराळ्या शब्दांत होते. लेखात त्याबद्दल एक ओळ होती. त्या ओळीचा स्वतंत्र भाग केला, उपशीर्षकात लोकांचेच शब्द ठेवले आणि खाली थोडक्यातले, न लाजवणारे संदेश दिले. पुढच्या काही आठवड्यांत त्या शोधांवर क्लिक येऊ लागले. सुरुवातीला थेंब थेंब, पण नेमके.

त्याच यादीत आणखी एक गोष्ट निघाली: 'सगळ्यांच्या सह्यांसाठी मोठं कार्ड'. इथे लेख बदलून भागणार नव्हतं, कार्डच बदलावं लागलं. माझं नेहमीचं कार्ड ए६, म्हणजे घडी घातल्यावर १०५ बाय १४८ मिलिमीटर. त्यात पंधरा-वीस जणांनी सह्या करायच्या तर शेवटचे चौघे मागच्या पानावर जातात. म्हणून ए४ कागदाची घडी घालून ए५ कार्ड केलं, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) जाडीचं, आतला मजकूर एका कोपऱ्यात आणि बाकी सगळी जागा मोकळी. कागदाचा दाणा, म्हणजे तंतूंची दिशा, घडीला समांतर ठेवला आणि घडीआधी रेघ दाबून घेतली, नाहीतर एवढ्या जाड कागदाची घडी तडकते. शिवाय आतली बाजू कोटिंग नसलेली, कारण गुळगुळीत कागदावर जेल पेनची शाई वाळायला वेळ लागतो आणि दुसऱ्याच्या हाताने पहिल्याची सही फासली जाते. हे सगळं मी लेखातही लिहिलं: किती सह्या मावतात, कोणतं पेन वापरावं, कार्ड फिरवताना कुठून सुरुवात करावी. त्यात कीवर्ड मुद्दाम पेरायची गरजच पडली नाही. विषयच तो असल्यावर शब्द आपोआप येतात.

मला या खटाटोपातून एवढंच कळलंय की कीवर्डची यादी लेख लिहिण्याआधी नाही, कार्ड आखण्याआधी उघडावी. आपण उलटं करतो. आधी सुंदर कार्ड करतो आणि मग त्याला शब्द शोधत बसतो.

करणाऱ्यांच्या रकान्यातला माझा एक लेख अजूनही सगळ्यात जास्त वाचला जातो: कोणत्या कार्डाला कोणतं पाकीट. ए६ कार्डाला सी६ पाकीट, ११४ बाय १६२. ए५ ला सी५, १६२ बाय २२९. आणि पॉप-अप किंवा क्विलिंगचं (कागदाच्या गुंडाळलेल्या पट्ट्यांच्या नक्षीचं) जाड कार्ड असेल तर नुसती लांबी-रुंदी मोजून चालत नाही. हा लेख वाचून कुणी कार्ड विकत घेत नाही. वाचणारे तुम्ही-आम्हीच. त्यामुळे तो 'विक्री' रकान्यात मोजायचा नाही, पण काढायचाही नाही. कार्ड करणाऱ्या लोकांनी त्याचे दुवे दिलेत, आणि ते दुवे विकत मिळत नाहीत.

इतिहासावरच्या लेखाची गत त्याहून गमतीची. इंग्लंडमधल्या हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये चित्रकार जॉन कॉलकॉट हॉर्सली यांच्याकडून छापील नाताळ-कार्ड काढून घेतलं, त्यावरच्या चित्रात अख्खं कुटुंब, लहान मुलांसकट, वाइन घेताना दाखवलंय म्हणून टीकाही झाली, वगैरे. डिसेंबरात या लेखाला गर्दी होते आणि सगळी जण वाचून निघून जातात. मला लिहायला मजा आली, बस्स.

तांत्रिक बाबी भराभर. मेटा कीवर्ड टॅगमध्ये (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी) शब्द कोंबायचा सल्ला कुणी अजून देत असेल तर दुर्लक्ष करा; क्रमवारीसाठी आपण तो वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलंय. मेटा डिस्क्रिप्शननेही, म्हणजे शोधात शीर्षकाखाली दिसू शकणाऱ्या वर्णनाने, क्रम वर सरकत नाही, पण माणूस ते वाचून क्लिक करतो, म्हणून ते माणसासाठी लिहा. एट्सीवर (हस्तकलेच्या वस्तूंची ऑनलाइन बाजारपेठ) दुकान असेल तर तिथे प्रत्येक वस्तूला १३ टॅग आणि प्रत्येकात फार तर २० अक्षरं, तेव्हा लेखातली लांबलचक वाक्यं तिथे तोडूनच न्यावी लागतात. सर्च कन्सोल १६ महिन्यांपलीकडचं दाखवत नाही, म्हणून जुनी आकडेवारी उतरवून ठेवा. आणि फार थोड्या लोकांनी केलेले शोध ते गोपनीयतेसाठी लपवतं, त्यामुळे शोधांपुढच्या क्लिकची बेरीज एकूण क्लिकशी जुळली नाही तर डोकं खाजवत बसू नका.

फोटोंवर मात्र वेळ घालवा. आपला माल डोळ्यांनी निवडला जातो. कॅमेऱ्याने दिलेलं आकड्यांचं नाव तसंच ठेवून फोटो चढवला, तर चित्रशोधाला त्या नावावरून काहीच कळत नाही. फाइलला अर्थपूर्ण नाव द्या आणि ऑल्ट मजकुरात (चित्राला जोडलेलं लेखी वर्णन) डोळ्यांना जे दिसतं ते लिहा: 'निवृत्तीचं ए५ कार्ड, उघडलेलं, आत सह्यांसाठी मोकळी जागा'. ऑल्ट मजकूर मुळात ज्यांना चित्र दिसत नाही त्यांच्यासाठी आहे. तिथे दहा कीवर्डची माळ लावणं मला तरी असभ्य वाटतं.

सणांच्या कार्डांचे लेख मी आता बरेच आधी टाकते आणि पानाच्या वेब-पत्त्यात साल घालत नाही. दर वर्षी तेच पान नवं करायचं. कधी टाकायचं याचा अंदाज गूगल ट्रेंड्सवरून (एखादा शोध कधी वाढतो-घटतो ते दाखवणारं साधन) येतो, फक्त तिथला १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत. निवडलेल्या काळातला तो सर्वोच्च बिंदू, बाकी सगळं त्याच्या तुलनेत.

सांत्वनाच्या लेखांबद्दल माझं ठाम मत झालंय. 'वडील गेले' असं शोधत आलेल्या माणसासमोर रंगीत 'आत्ताच घ्या' बटण नाचवायचं नाही. कीवर्ड शीर्षकात एकदा, मग साध्या ओळी, काय लिहू नये याचे दोन शब्द, आणि तळाशी कार्डाचा एक दुवा. त्यातून विक्री कमी होत असेल तर होवो.

सध्या हातात असलेलं काम: उशिराच्या शुभेच्छांवर माझे दोन लेख आहेत आणि एकाच शोधावर कधी हा दिसतो, कधी तो. दोघांची स्थानं आलटून पालटून खालीवर होतात. जास्त क्लिकवाला ठेवून दुसऱ्यातले चांगले संदेश त्यात आणतेय आणि त्या दुसऱ्याचा पत्ता ३०१ ने (पत्ता कायमचा वळवायची सोय) ठेवलेल्या लेखाकडे वळवणार आहे. तुमच्यापैकी कुणी असे लेख एकत्र केले असतील तर स्थान स्थिरावायला किती काळ गेला ते जरूर सांगा. तोवर 'विसरलो' मालिकेतल्या कार्डांचे कागद कापून ठेवते.