कोल्हापूरहून तारकर्ली: खाडी बघून घर, तिथी बघून दिवस

समुद्राकाठी एकच घर घेऊन आठवडाभर राहायचं ठरवलंत, तर घराचे फोटो बघण्याआधी सिंधुदुर्गाचा नकाशा उघडा आणि खाड्या कुठे आहेत ते बघा. आपण कोल्हापूरकर अंतर रस्त्याने मोजतो. कोकणात रस्ता खाडीपाशी संपतो. देवबागच्या टोकाला उभं राहिलं की कर्ली नदीच्या पलीकडे भोगवे अगदी समोर दिसतं आणि होडीने काही मिनिटांत तिथे जाता येतं. गाडीने जायचं तर मागे फिरून नेरूरपारच्या पुलावरून परुळ्याच्या बाजूला उतरावं लागतं, त्यात सहज तासभर जातो. रोज असा वळसा पडला तर सुट्टी गाडीतच संपते. म्हणून आधी ठरवा की तुमचा आठवडा खाडीच्या कुठल्या काठावरचा आहे. किल्ला, स्कूबा, मासळीबाजार हवा असेल तर मालवण-तारकर्ली. शांतता हवी आणि दिवसभर माणूस दिसलं नाही तरी चालत असेल, तर भोगवे, निवती किंवा त्याखालचा वेंगुर्ल्याचा पट्टा.

आमच्यासोबत सासूबाई, मामंजी, दीर-जाऊ आणि मुलं होती. मामंजींचे गुडघे दुखतात, मुलांना पाण्यातून बाहेर यायचं नसतं आणि जाऊबाईंना बाजार फिरायला आवडतो. त्यामुळे आम्ही तारकर्ली धरली. मालवण तिथून सात-आठ किलोमीटर. औषधाचं दुकान, दवाखाना, एटीएम सगळं मालवणात मिळतं. वयस्कर माणसं सोबत असली की या गोष्टी जवळ असाव्यात, असं माझं ठाम मत आहे. देवबाग त्याहून देखणं आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. पण रस्ता अरुंद आहे, सुट्टीच्या दिवशी गाड्या अडकतात.

व्हिला हा शब्द आता फार सैल झाला आहे. नवीन बांधलेल्या दुमजली घरालाही व्हिला म्हणतात आणि माडाच्या वाडीतल्या जुन्या चिरेबंदी घराला नवीन न्हाणीघरं जोडली की त्यालाही. आम्ही दुसऱ्या प्रकारचं घर घेतलं. फोनवर मालकांना जे प्रश्न विचारले ते इथे सांगते, कारण उत्तरं ऐकून आम्ही बरीच घरं सोडून दिली. पूर्ण घर आपल्यालाच मिळणार की वरच्या मजल्यावर दुसरं कुटुंब असणार? विहिरीचं पाणी गोडं आहे का? (समुद्राला लागून असलेल्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, तेव्हा हा प्रश्न आणखी महत्त्वाचा.) तळमजल्यावर न्हाणीघर आणि कमोड आहे का? वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखे किती तास चालतात? बाहेरून मासळी आणून स्वयंपाकघरात शिजवू देता का, की जेवण तुमच्याकडूनच घ्यायचं? गॅस भाड्यात धरलेला आहे का? जादा गादीचे पैसे किती? 'सी टच' म्हणता, तर मधे डांबरी रस्ता आहे की थेट वाळू? शेवटच्या प्रश्नावर काही मालक जरा थांबून उत्तर देतात. त्या थांबण्यावरून काय ते समजून घ्यावं.

पैशांचं म्हणाल तर फोटो बघून पूर्ण रक्कम कधीही पाठवू नका. दुसऱ्याच्याच घराचे फोटो टाकून पैसे उकळणारे लोक सगळीकडे आहेत. व्हिडिओ कॉल करून फाटक, समोरचा रस्ता आणि स्वयंपाकघर दाखवायला सांगा. खरा मालक किंवा राखणदार आनंदाने दाखवतो. थोडी आगाऊ रक्कम द्या, तिची पोच लेखी घ्या, बाकीची किल्ली हातात आल्यावर. पोहण्याच्या तलावासाठी जास्त भाडं मोजायचं का, यावर घरात बराच खल झाला. मला विचाराल तर हिवाळ्यात त्याची गरज नाही, समुद्र दाराशी आहे. मे महिन्यात, दुपारची वाळू पाय भाजते तेव्हा, लहान मुलांसाठी तलाव उपयोगी पडतो. मात्र त्याला कुलूप लागणारं दार आहे का ते विचाराच.

निघायचा दिवस वसंत पंचमीचा होता. रथसप्तमीला घरी नसणार म्हणून हळदीकुंकू आधीच उरकून घेतलं. कोल्हापूर ते तारकर्ली साधारण दीडशे-एकशे साठ किलोमीटर, पण वेळ घाटाच्या हिशोबानेच धरा. निवांत थांबत गेलं तर पाच तास. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून वैभववाडी-तळेरे हा एक रस्ता आणि राधानगरी-दाजीपूर-फोंडा घाट-कणकवली हा दुसरा. करूळ घाट कामासाठी बराच काळ बंद होता आणि पावसात दरड आली की वाहतूक वळवतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा. आम्ही राधानगरीचा रस्ता घेतला. दाजीपूरचं जंगल गव्यांचं आहे, संध्याकाळनंतर ते रस्त्यावर येतात, म्हणून हा टप्पा दिवसाउजेडीच पार करावा. कणकवलीला चहा घेतला, टाकी भरली आणि कसालला महामार्ग सोडून उजवीकडे मालवणच्या रस्त्याला लागलो. आपल्याकडून थेट रेल्वे नाही. एसटीने मालवणपर्यंत आरामात जाता येतं, पण घर तारकर्लीत असेल तर पुढे रोज रिक्षा सांगावी लागेल.

आता तिथीचं. किनाऱ्यावरचे जुने लोक भरतीची वेळ पंचांगावरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती भरते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा अंदाज आहे, थोडं मागेपुढे होतं, पण सुट्टी आखायला पुरेसा आहे. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. त्यामुळे आठवड्याच्या सुरुवातीला जी वेळ वाळूत खेळायला चांगली असते, तीच शेवटी पाण्याखाली जाते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे चढउतार कमी आणि ओढही कमी. आम्ही पंचमीला पोहोचून एकादशीपर्यंत राहिलो, म्हणजे भांगाचे दिवस नेमके मधे आले. स्कूबा अष्टमीला ठेवलं. पाणी निवळ होतं, खडकांवरची प्रवाळं आणि पट्टेरी मासे स्पष्ट दिसले.

स्कूबाबद्दल कोल्हापूरकरांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. पाण्याखाली जाऊन आल्यावर उंचीवर जाण्याआधी निदान बारा तास जाऊ द्यावेत, असा डायव्हिंगमधला नियम आहे. विमानापुरता नव्हे, तो घाटालाही लागू होतो, आणि आपलं गाव साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. सकाळी स्कूबा करून दुपारी फोंडा घाट चढायचा, असा बेत पुष्कळ जण आखतात. तसं करू नका, स्कूबा आठवड्याच्या मध्यावर ठेवा. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि तिथे भरून घेतात त्या कागदावर खरं ते लिहा. होडीत बसल्यापासून उतरेपर्यंत लाइफ जॅकेट अंगावर हवं. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. जास्त माणसं भरलेली दिसली तर त्या होडीत चढू नका, दिलेले पैसे गेले तरी चालतील.

देवबागच्या संगमावरही तेच. नदी समुद्राला मिळते ती जागा फार सुंदर आहे, आणि ओहोटी लागली की खाडीचं सगळं पाणी त्या तोंडातून जोरात बाहेर ओढलं जातं. आमच्या घराच्या राखणदार काकांनी मुलांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पाणी सुकता तेवा ओढ जोरात आसता. भरती लागली की मगे येवा." मुलांनी ते शब्द पाठच केले. डॉल्फिन बघायचे असतील तर होडी सकाळी लवकर सांगा, वारा पडलेला असतो.

सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी अख्खी सकाळ राखा. मालवणच्या जेट्टीवरून होड्या सुटतात आणि आत सहसा तासाभराची मुदत देतात. ती अपुरी पडते. जादा वेळ हवा असेल तर होडीवाल्याशी आधीच बोला. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर हे काम सुरू केलं आणि १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. चहूकडे खारं पाणी असून दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडं पाणी आहे. आपल्यासाठी इथे आणखी एक धागा आहे. हा किल्ला पुढे कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता आणि १८१२ च्या तहात मालवणसह इंग्रजांकडे गेला. शिवराजेश्वराच्या मंदिराचा सभामंडप राजर्षी शाहू महाराजांनी बांधला. मामंजी त्या मंडपात बराच वेळ बसून राहिले, आणि आम्हीही घाई केली नाही. गुडघेदुखी असणाऱ्यांनी भरतीच्या वेळी जावं, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, होडीत उतरताना पायरी खोल जाते.

स्वयंपाकघर असलेलं घर घेण्याचं खरं सार्थक मासळीत आहे. संध्याकाळी होड्या परतल्या की मालवणच्या किनाऱ्यावर लिलाव होतो. तिथे मोठे वाटे असतात, घरच्यापुरती मासळी बाजारातल्या कोळणींकडून घ्यावी. कल्ले लाल, डोळे स्वच्छ, बोट दाबलं की मांस परत वर येतं, एवढं बघितलं की झालं. सुरमईच्या मागे सगळे असतात म्हणून ती महाग. बांगडा आणि पेडवे घ्या. तिरफळं घालून केलेलं बांगड्याचं तिखलं आणि गरम भात, याहून चांगलं जेवण त्या आठवड्यात झालं नाही. ते आम्हाला राखणदार काकांच्या पत्नीने शिकवलं. आपली कांदा-लसूण चटणी मासळीत घालू नका, असं मी कळकळीने सांगते. ती मटणाला शोभते, माशाची चव झाकून टाकते. चटणीचा डबा न्या, पण तो अंडी आणि झुणक्यासाठी. ज्वारीचं पीठ, गूळ आणि भडंगही घरूनच न्या, तिथे भाकरी तांदळाची मिळते. सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर दोराला हात लावा, नको म्हणत नाहीत.

सासूबाईंचे सोमवार, गुरुवार आणि एकादशी असल्याने शाकाहाराचीही सोय बघावी लागली. ती छान झाली. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या आधी सांगितलं की घरगुती खानावळीत करून देतात. नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या तर त्यांनी दोनदा मागून घेतल्या.

फिरण्याचे दिवस एकाआड एक ठेवा. मधल्या दिवशी कुठेही जायचं नाही, असं निघण्याआधीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या, नाहीतर कुणीतरी गोव्याचा विषय काढतोच. उत्तरेला आचऱ्यावरून कुणकेश्वर अर्ध्या दिवसात होतं, देऊळ अगदी किनाऱ्यावर आहे. दक्षिणेला वेंगुर्ला, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडा आणि रेडीचा गणपती असा पूर्ण दिवस लागतो. मोचेमाडचा किनारा वाटेत आहे, तिथे थांबाच.

परतताना रस्ता बदला. कुडाळहून सावंतवाडीला या, लाकडी खेळणी चितारआळीत घ्या आणि आंबोली घाट चढून आजऱ्यावरून निपाणीमार्गे कोल्हापूर गाठा. आजऱ्यात घनसाळ तांदूळ मिळतो, विश्वासाच्या दुकानातून घ्या. कोकमाचं आगळ घेतलं असेल तर बाटलीच्या बुचाला प्लॅस्टिक बांधून ती उभी ठेवा, त्याचा डाग कपड्यावरून जात नाही.

जून ते ऑगस्ट हा बेत करू नका. किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ मे अखेरीपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद असतात, यांत्रिक मासेमारीलाही जून-जुलैत बंदी असते, म्हणजे ताजी मासळीही बेताची. नाताळ आणि मे महिन्यात भाडी चढी असतात. अंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख ठरली की मालवण परिसरात खोली मिळणं अवघड होतं, तेव्हा फेब्रुवारी-मार्चसाठी ती तारीख आधी बघा. जानेवारीतलं चांगलं घर हवं असेल तर दिवाळीच्या आधी फोन सुरू करा, आणि मालकाला तारखा देण्यापूर्वी कालनिर्णय उघडून अष्टमी आठवड्याच्या मधोमध येते का ते बघा.