‘अकबर’च्या मागे, रेवाडीपर्यंत

ज्या शहरातून हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडी सुटली, त्या शहरातल्या माणसाला ब्रॉडगेजवर, म्हणजे रुंद रुळांवर, धावणारे वाफेचे इंजिन पाहायचे असेल, तर आज दिल्ली गाठावी लागते. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या त्या गाडीला १४ डबे होते, त्यांत सुमारे ४०० पाहुणे होते आणि ती ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने जोडली होती, एवढे आपल्याकडे शाळेतली मुलेही सांगतात. पण मुंबईतली वाफ देशातल्या इतर शहरांच्या मानाने फार लवकर ओसरली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची गाडी सुरू झाली आणि १९३० उजाडेपर्यंत घाट चढून पुण्यापर्यंत तारा पोहोचल्या. त्यामुळे कोळशाचा धूर, डोळ्यांत जाणारी कोळशाची कच आणि स्टेशनात शिरताना हलणारी जमीन या गोष्टी आमच्या पिढीतल्या बहुतेक मुंबईकरांना आजीआजोबांच्या बोलण्यातूनच माहीत आहेत.

आमचा रेल्वेप्रेमींचा एक लहानसा गट आहे. कोणी दादरचा, कोणी ठाण्याचा, कोणी डोंबिवलीचा. कोणी बँकेत, कोणी महाविद्यालयात शिकवणारी, आणि सर्वांत ज्येष्ठ म्हणजे आमचे काका, जे भुसावळला फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे, म्हणून नोकरीला लागले आणि निवृत्त होताना मुंबईच्या लोकलचे मोटरमन होते. यंदाच्या हिवाळ्यात दिल्ली कँटोन्मेंट ते रेवाडी या मार्गावर वाफेच्या इंजिनाची सहलीची गाडी धावणार असल्याचे कळले, तेव्हा सगळ्यांनी रजा टाकल्या आणि आम्ही पंजाब मेलने निघालो. गाडी मुद्दाम निवडली होती. १९१२ पासून धावणारी ही मेल आता फिरोजपूरपर्यंत जाते आणि देशातली ब्रॉडगेजवरची वाफेची शेवटची नियमित प्रवासी गाडी ६ डिसेंबर १९९५ रोजी धावली ती त्याच फिरोजपूर आणि जालंधरच्या दरम्यान. वाटेत भुसावळ आले तेव्हा काका दारात जाऊन उभे राहिले आणि पूर्वीचे शेड कुठे होते, पाणी भरायचा खांब कुठे होता, हे आम्हांला बोटाने दाखवत राहिले.

रेवाडीचे शेड १८९३ सालचे. वाफेचे युग संपल्यावर देशभरातली अशी शेडे एकेक करून मोडली गेली; हे एक टिकले आणि २०१० मध्ये नव्याने सजून ते वाफेच्या इंजिनांचे केंद्र म्हणून लोकांसाठी खुले झाले. सहलीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही रीतसर परवानगी घेऊन तिथे पोहोचलो, कारण दुसऱ्या दिवशीच्या गाडीइतकीच ओढ आम्हांला इंजिन पेटवण्याची होती. आमच्या गाडीला लागणारे इंजिन होते डब्ल्यूपी वर्गातले ७१६१ क्रमांकाचे ‘अकबर’, १९६५ साली चित्तरंजनच्या कारखान्यात बांधलेले. डब्ल्यूपी म्हणजे बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते, पुढे आलेले नाक असलेले ते इंजिन, ज्याने स्वातंत्र्यानंतरची जवळजवळ प्रत्येक नामांकित मेल आणि एक्सप्रेस ओढली. या वर्गाची एकूण ७५५ इंजिने बांधली गेली. त्यांतले पहिले, ७२०० क्रमांकाचे ‘आझाद’, १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून आले होते आणि तेही याच शेडच्या ताफ्यात आहे.

थंड पडलेले इतके मोठे इंजिन सकाळी उठून कळ दाबून सुरू करता येत नाही. आदल्या दिवसापासूनच त्याची तयारी करावी लागते. आधी बॉयलरमध्ये पाणी भरतात, मग फायरबॉक्समध्ये, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत, लाकडे आणि तेलात भिजवलेला कॉटन वेस्ट पेटवतात आणि ते नीट धरले की थोडा थोडा कोळसा घालू लागतात. घाई केली तर बॉयलरचा एक भाग तापतो, दुसरा थंडच राहतो, आणि पोलादाच्या त्या असमान फुगण्याने सांधे आणि भट्टीचे पत्रे धरून ठेवणारे स्टे-बोल्ट गळू लागतात. म्हणून रात्रभर वाफेचा काटा अंगावर चादर ओढून बसल्यासारखा हलतच नाही असे वाटते आणि तो झटकन हलू नये, सावकाशच चढावा, हेच तिथल्या माणसांचे कसब असते.

त्या रात्री शेडमध्ये पाहिलेली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. एक तरुण फायरमन भट्टीचे दार उघडून आत पाहत होता, पण त्या पांढऱ्याफटक उजेडात त्याला कोळशाचा थर कुठे पातळ झाला आहे ते दिसत नव्हते. काका काही वेळ मागे उभे होते. मग त्यांनी त्याची परवानगी मागून फावडे हातात घेतले, ते उलटे करून भट्टीच्या तोंडाशी तिरके धरले, आणि त्या पात्यावरून आत वळलेल्या हवेच्या झोताने समोरची ज्वाळा क्षणभर बाजूला सरकली. डाव्या कोपऱ्यातला काळसर खड्डा आम्हांलाही स्पष्ट दिसला. मुलाने फावडे परत घेतले, स्वतः तसेच धरून पाहिले, जागा हेरली आणि नेमका तिथे कोळसा फेकला. काका मागे सरकताना एवढेच म्हणाले, “अरे, आग वाचता आली पाहिजे, मग हात आपोआप चालतो.” वाफेच्या इंजिनाबद्दल पुस्तकांत पुष्कळ लिहिलेले आहे, पण हे पुस्तकातून हातात येत नाही, ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि इंजिन चालू असेल तरच जाते.

माझे म्हणणे मुख्यतः हेच आहे. चौथऱ्यावर उभे केलेले, दरवर्षी काळ्या रंगाचा हात मारलेले इंजिन मी पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे आणि त्याबद्दल मला आदरच आहे, पण त्यात जतन होते ते फक्त लोखंड. बॉयलर धुणे, नळ्या बदलणे, बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर धरला नाही तर काय करायचे ते जाणणे, बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर सतत नजर ठेवणे, ही सारी विद्या इंजिन पेटल्याशिवाय जिवंत राहत नाही. त्या काचेचेच घ्या. भट्टीच्या छतावर नेहमी पाणी असावे लागते. पातळी खाली गेली आणि ते छत उघडे पडले तर काही मिनिटांत अनर्थ होऊ शकतो, म्हणूनच तिथे शिशाची डाट बसवलेली असते, जी वितळून वाफ आगीवर सोडते आणि धोक्याची सूचना देते. पण डाट वितळू देणे हा फायरमनला कलंक समजला जाई, असे काकांनी सांगितले, आणि तो बाणा रेवाडीच्या तरुणांमध्येही दिसला.

सकाळी आम्ही साध्या गाडीने दिल्ली कँटोन्मेंटला आलो. ‘अकबर’ पुढे येऊन उभे होते. निघताना ड्रायव्हरने सिलिंडरचे नळ उघडले, कारण थंड सिलिंडरमध्ये वाफेचे पाणी होते आणि ते तसेच दाबले गेले तर सिलिंडरचे झाकण फुटू शकते. दोन्ही बाजूंना पांढरे लोट फेकत गाडी त्यांतून बाहेर पडली, तेव्हा प्लॅटफॉर्मवर एकच जल्लोष झाला. त्यानंतर जो आवाज सुरू झाला, त्यासाठी आम्ही मुंबईहून आलो होतो. दोन सिलिंडर, प्रत्येकाचे दोन्ही बाजूंनी काम, म्हणजे चाकाच्या एका फेरीत चार ठोके. डब्ल्यूपीचे मुख्य चाक सुमारे १.७ मीटर व्यासाचे असते. तेव्हा ताशी १० किलोमीटरला सेकंदाला दोन ठोके पडतात, ते कानाला मोजता येतात, आणि ताशी ४० ला आठांच्या वर जातात, तेव्हा त्यांचा सलग घोष होतो. बिजवासन सोडल्यावर ड्रायव्हरने सिलिंडरमध्ये जाणारी वाफ कापत आणली आणि तो घोष एकदम हलका, कोरडा झाला. आमच्यातल्या सगळ्यांत धाकट्या मुलीने डोळे मिटून नेमका तो क्षण पकडला आणि “आता कमी केली” असे सांगितले, याचा मला फार आनंद झाला.

या आवाजात एक सुंदर युक्ती दडलेली आहे. सिलिंडरमधून काम करून बाहेर पडणारी वाफ धुरांड्यातून वर जाताना भट्टीतला धूर आपल्याबरोबर ओढते आणि त्या ओढीने कोळशाला ताजी हवा मिळते. म्हणजे चढावर इंजिन जितके कष्ट करील तितकी त्याची आग आपोआप फुलते. पंखा नाही, मोटर नाही. उभ्या इंजिनाला मात्र ही ओढ नसते, म्हणून तिथे ब्लोअरची, म्हणजे थेट बॉयलरमधून धुरांड्यात जाणारी, वाफ सोडावी लागते. इतक्या साध्या रचनेवर शंभर वर्षांहून अधिक काळ सारे जग धावले, हे मला दर वेळी नव्याने थक्क करते.

रेवाडीपर्यंतचे अंतर सुमारे ७० किलोमीटर. गुडगावच्या उंच इमारती मागे पडल्या की मोहरीची शेते लागतात, आणि गढी हरसरू, पटौदी रोड अशी स्टेशने येतात. या मार्गावर आता डोक्यावर २५,००० व्होल्टची तार आहे, आणि वाफेच्या इंजिनाला तिची फार काळजी घ्यावी लागते. टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर, कोणी चढायचे नाही, लांब सळया उंच धरायच्या नाहीत. पूर्वी टेंडरवर चढून कोळसा पुढे सारणे हे फायरमनचे रोजचे काम होते. तारेखाली ते सगळे खालूनच उरकावे लागते.

रस्त्याच्या कडेने मोटारसायकलींवरून गाडीचा पाठलाग करणारे पुष्कळ होते. त्यांतले काही जण चित्रणासाठी रुळांच्या इतके जवळ आले की ड्रायव्हरला शिट्टीवरचा हात काढता येईना. त्यांचे प्रेम मी समजू शकतो, पण हे वागणे मला मुळीच मान्य नाही. एका जरी माणसाला इजा झाली तरी सगळ्यात आधी बंद पडेल ती ही गाडी. आणि आणखी एक गोष्ट मला आपल्या रेल्वेप्रेमी मित्रांना मनापासून सांगायची आहे. छायाचित्र बाहेरूनच चांगले येते हे खरे, पण त्या दिवशी बाहेर कॅमेरे घेऊन उभी असलेली माणसे पाहता आमच्या डब्यातल्या रिकाम्या जागा सहज भरल्या असत्या. अशा गाडीचा हिशेब करणाऱ्याला छायाचित्रे दिसत नाहीत, विकली गेलेली तिकिटे दिसतात. तिकीट काढावे, आत बसावे, खिडकीतून येणारी कच डोळ्यांत जाऊ द्यावी. चित्रण करण्यासाठी वळणे आहेतच.

अलीकडे वाफेच्या इंजिनासारखा दिसणारा मुखवटा चढवून आत विजेवर चालणाऱ्या गाड्याही निघाल्या आहेत; २०२३ मध्ये अहमदाबाद आणि एकतानगरच्या दरम्यान अशीच एक गाडी सुरू झाली. प्रवाशांना ती आवडत असेल तर आनंदच आहे. मात्र पुनरुज्जीवित इंजिनाची जागा ती घेऊ शकत नाही, कारण तिच्यासाठी कोणाला आग वाचायला शिकावे लागत नाही. १८५५ सालचे ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन १९०९ मध्ये निवृत्त झाल्यावर तब्बल ८८ वर्षांनी, १९९७ मध्ये पुन्हा प्रवासी घेऊन धावले. त्यामागे कोणा ना कोणा फिटरने हाताने घासून बसवलेले भाग होते.

परतीच्या प्रवासात आमच्या गप्पा नेरळवर येऊन थांबल्या. मुंबईच्या गजबजलेल्या रुळांवर, जिथे दर तीन-चार मिनिटांनी लोकल धावते, तिथे वाफेची सहल काढा असा हट्ट मी धरणार नाही. पण नेरळ-माथेरानची दोन फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी मुंबईहून दोन तासांवर आहे. आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून १९०७ मध्ये पूर्ण झालेली ही गाडी वाफेवरच वाढली. तिच्या वाटेवरच्या ‘वॉटर पाइप’ या स्टेशनावर इंजिने पाणी घेत. नेरळला दार्जिलिंगहून आणलेले ७९४ क्रमांकाचे, १९१७ मध्ये बाल्डविनने बांधलेले ब वर्गाचे इंजिन आहे. नीलगिरीत मेट्टुपालयम ते कुन्नूर रोज वाफेवर गाडी चढते, तर इथे निदान हिवाळ्यातल्या सुट्टीच्या दिवसांत नेरळ ते जुम्मापट्टी एवढी तरी फेरी का होऊ नये? १ः२० चढ अवघड आहे, ऋतूही सांभाळावा लागेल, बॉयलरची नियमित तपासणी लागेल आणि सर्वांत आधी चालवणारी माणसे तयार करावी लागतील. काकांनी गाडीतच वही काढून नेरळच्या अशा फेरीसाठी काय काय लागेल ते लिहायला घेतले: कोळसा की तेल, पाणी कुठे भरायचे, उतरताना ब्रेकवर किती माणसे हवीत. कल्याण येईपर्यंत वहीची चार पाने भरली होती. पुढच्या महिन्यात ते कागद नीट टंकून, आमच्या सर्वांच्या सह्यांनिशी, आम्ही रेल्वेला सादर करणार आहोत.