स्प्रिंट कारचा पुढचा ॲक्सल आणि मॅग्नाफ्लक्सचा दाखला : माझा अनुभव

माझ्या जुन्या स्प्रिंट कारचा (छोट्या ट्रॅकवरच्या उघड्या चाकांच्या रेस कारचा) ॲक्सल उतरवला, किंगपिन (ज्यांच्यावर पुढची चाकं वळतात त्या खिळी) बदलल्या, टॉर्शन बार (पिळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या) साफ केले. यातलं काहीच अडलं नाही. अडलं ते मॅग्नाफ्लक्सच्या, म्हणजे भाग चुंबकित करून लोखंडाच्या भुकटीने भेगा शोधणाऱ्या तपासणीच्या दाखल्यापाशी, आणि अजून त्या अर्जाची आठवण आली की डोकं तापतं.

गाडी १९५० च्या दशकातल्या अमेरिकन धाटणीची, पुढे अखंड ट्यूब ॲक्सल आणि आडवे टॉर्शन बार. अशा जुन्या गाड्या पळवताना बऱ्याच ठिकाणी ॲक्सल, स्पिंडल (ज्यावर चाक बसतं तो भाग) आणि स्टिअरिंग आर्म यांचा दाखला मागतात. मागणी रास्तच आहे. १९५२ च्या इंडियानापोलिस ५०० या अमेरिकन शर्यतीत ड्रायव्हर बिल वुकोविच आघाडीवर होता, दहा लॅपसुद्धा उरल्या नव्हत्या, आणि स्टिअरिंगचा जोड तुटून त्याची कर्टिस रोडस्टर ही रेस कार भिंतीला लागली. तेव्हा राग तपासणीवर नाही, अर्जावर आहे.

तपासणी करणाऱ्या लॅबच्या अर्जात तीन रकाने सक्तीचे : ड्रॉइंग क्रमांक, पोलादाची ग्रेड आणि स्वीकृतीचा निकष (कोणती खूण दिसली की भाग नापास). गॅरेजमध्ये हाताने घडवलेल्या ॲक्सलचं ड्रॉइंग कुठून आणायचं? काउंटरवरचं उत्तर दर वेळी एकच : रकाना रिकामा असेल तर अर्ज घेता येत नाही. हे रकाने तुम्हीच भरू शकता, एवढं एक वाक्य त्यांनी सांगितलं असतं तरी काम पुढे सरकलं असतं.

तर ते असे भरा. प्रत्येक भागाचं मापांसह साधं रेखाचित्र काढा, वेल्ड आणि कोपरे त्यावर दाखवा आणि आपलाच क्रमांक द्या. तोच क्रमांक सुट्या धातूच्या पट्टीवर ठोकून ती भागाला बांधा. ॲक्सलवर किंवा स्पिंडलवर पंच मारू नका, भेग तिथूनच सुरू होते. ग्रेडच्या रकान्यात '४१३०' (क्रोमॉली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाची एक ग्रेड) लिहायचा मोह आवरा. हातात धरायच्या एक्स-रे यंत्राला क्रोमियम आणि मॉलिब्डेनम दिसतं, कार्बन दिसत नाही, त्यामुळे ४१३० आणि जास्त कार्बनची ४१४० यांतला फरक त्यातून खात्रीने ठरत नाही. 'क्रोमॉली, ४१ मालिका' लिहा आणि सोबत हार्डनेसचा आकडा जोडा. पद्धत म्हणून एएसटीएम ई१४४४ (याच चुंबकीय तपासणीचं प्रमाण) लिहा. निकष म्हणून 'कोणतीही रेषाकार खूण अमान्य'.

एवढं करूनही भाग परत आले, कारण ॲक्सलवर क्रोम होतं. इथे मात्र लॅबचं म्हणणं बरोबर. चकाकणाऱ्या पातळ क्रोमखाली निकेलचा जाड थर असतो आणि बारीक भेग त्याखाली लपते. क्रोम काढायला ॲसिड वापरू नका. ॲसिडमुळे हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कडक भाग नंतर वजनाखाली अचानक तडकतो. कॉस्टिकच्या बाथमध्ये भाग धन टोकाला जोडून क्रोम निघतं. निकेलसाठी वेगळा, ॲसिड नसलेला बाथ लागतो. चुकून ॲसिड लागलंच तर चार तासांच्या आत १९० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये किमान तीन तास ठेवा, कडक पोलादाला बराच जास्त वेळ. परत क्रोम करूच नका, रंग द्या. टॉर्शन बारला तर क्रोम कधीच नको.

तपासणीच्या वेळी शक्यतो समोर उभे राहा. चुंबकीकरण दोन्ही दिशांनी व्हायला हवं, कारण चुंबकीय रेषांना समांतर असलेली भेग दिसत नाही. ट्यूबची टोकं उघडी असतील तर आतून तांब्याची सळई घालतात. टोकांना फोर्जिंग (ठोकून घडवलेला भाग) वेल्ड केलेलं असेल तर योक (दोन पायांचा हातात धरायचा विद्युतचुंबक) वापरून प्रत्येक वेल्डवर नव्वद अंशांत फिरवून दोनदा बघायला सांगा. टोकदार प्रॉड (भागातून थेट वीज सोडणारे दांडे) लावू देऊ नका. ठिणगीचा डाग पडला की तिथे पोलाद ठिसूळ होतं. शेवटी चुंबकत्व उतरवून घ्या, नाहीतर लोखंडाचा कीस व्हील बेअरिंगमध्ये चिकटत राहतो.

हो, टॉर्शन बार उतरवण्याआधी डावा-उजवा अशी रंगाने खूण करायची हे आधीच सांगायला हवं होतं. बार एका दिशेने पिळून बसवलेला असतो. उलट बाजूला लावला तर लवकर तुटतो. आडव्या मांडणीत उजव्या चाकाच्या बारचा स्टॉप (बारचं दुसरं टोक अडवून धरणारा भाग) डाव्या बाजूला येतो, त्यामुळे उजवीकडची उंची बदलायला डावीकडचा बोल्ट फिरवायचा. जाडीतला थोडा फरकही जाणवतो : कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे ०.७०० इंचाच्या जागी ०.७२५ चा बार घातला तर सुमारे १५ टक्के. बारपासून ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या आर्मची लांबी मात्र वर्गाने उलट चालते, लांब आर्म म्हणजे मऊ चाक.

किंगपिनचे बुश (ज्यांत किंगपिन फिरते त्या नळ्या) दाखला हातात आल्यावरच रीम करा, म्हणजे नेमक्या मापाला कापा. स्पिंडल नापास झाला तर ती मेहनत वाया जाते.